रायटिंगला सहावरच अडकलंय? आधी रोज नवा निबंध लिहिणं थांबवा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएस्सी नर्सिंग झालंय, संभाजीनगरला एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला आहेत, यूकेला जायचंय, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक दोनदा दिली. दुसऱ्या वेळी लिसनिंग साडेसात, रीडिंग सात, स्पीकिंग सात, आणि रायटिंग मात्र दोन्ही वेळा सहा. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, रायटिंगमध्ये ६.५ लागतात, बाकी तिन्हीत ७. रोज एक निबंध लिहितात, क्लासने दिलेली शब्दांची यादी पाठ आहे, फॉरमॅट पाठ आहे, तरी आकडा जागचा हलत नाही. तर आता काय करू, ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देऊ का, आणि किती दिवस लागतील.

मी नाशिकला घरीच छोट्या बॅचेस घेतो, बरीच वर्षं झाली, आणि येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त नर्सिंगवालेच असतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही. तुमचा एकही निबंध मी बघितलेला नाही, म्हणून खालचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. पण ज्याचं रीडिंग सात आणि स्पीकिंग सात आहे त्याचं इंग्रजी कच्चं आहे हे मी मानणारच नाही. इंग्रजी आहे. मग सहा का येतात? माझ्या अनुभवात याची दोन कारणं असतात, एकतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देता विषयावर निबंध लिहिला जातो, किंवा व्याकरणाच्या त्याच त्याच चार चुका दर पानावर होत राहतात. बहुतेक वेळा दोन्ही. आणि रोज नवा निबंध लिहून यातलं काहीच सुटत नाही, उलट तीच चूक हाताला पक्की बसते.

आधी मार्क कसे देतात ते नीट बघू, कारण क्लासमध्ये हे पहिल्या दिवशी सांगतात आणि नंतर कोणी त्याचं नाव काढत नाही. एकूण ६० मिनिटं, दोन टास्क. टास्क १ किमान १५० शब्दांचा, टास्क २ किमान २५० शब्दांचा, आणि टास्क २ चं वजन दुप्पट. प्रत्येक टास्कला परीक्षक चार गोष्टी वेगवेगळ्या तपासतो: विचारलेलं केलंय का, मांडणी आणि सांधेजोड कशी आहे, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. चारींचं वजन सारखं, प्रत्येकी पाव हिस्सा. आता बघा, तुम्ही पाठ केलेली ती शब्दांची यादी या चारपैकी फक्त एका खान्यात बसते, आणि तिथेही ती मदत करते का हा वेगळाच प्रश्न आहे, त्यावर पुढे येतो. म्हणजे सगळी मेहनत पाव हिश्श्यावर आणि उरलेल्या तीन पावांकडे कोणी बघतच नाही, असं चाललंय.

पहिला खाना, विचारलेलं केलंय का. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण माझ्याकडे सहावर अडकून आलेले बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

समजा प्रश्न असा आला: काही लोकांच्या मते सरकारने आरोग्यावरचा जास्तीत जास्त पैसा उपचारांऐवजी आजार होऊच नयेत यासाठी खर्च करावा, तुम्ही कितपत सहमत आहात? नर्स असेल तर हा प्रश्न बघून आनंदच होतो, आपला विषय! आणि मग लिहिलं जातं ते साधारण असं: आरोग्य हीच संपत्ती. हल्ली लोक जंक फूड खातात. त्यामुळे डायबिटीस वाढलाय. मोअरओव्हर लोक व्यायाम करत नाहीत. फर्दरमोअर सरकारने जिम उघडाव्यात. इन अ‍ॅडिशन जनजागृती शिबिरं घ्यावीत. हेन्स प्रिव्हेन्शन इज बेटर दॅन क्युअर.

वाक्यं चुकीची आहेत का? नाहीत, व्याकरण ठीकठाक असेल. पण प्रश्न पैशाचा होता. कुठे खर्च करावा आणि किती, हे विचारलं होतं. या सात वाक्यांत पैसा हा शब्दसुद्धा नाही. लोक आजारी का पडतात याची यादी झाली, एका परिच्छेदात सहा मुद्दे आले आणि एकही मुद्दा दोन वाक्यं पुढे गेला नाही. परीक्षक असं वाचतो तेव्हा त्याला दिसतं की विषय कळलाय पण भूमिका पुसट आहे आणि मुद्दे वाढवलेले नाहीत. तिथे सहाच्या वर जाणं अवघड, शब्द कितीही भारी वापरा.

आता तोच परिच्छेद एकाच मुद्द्यावर लिहायचा. तुम्ही स्वतः डायबिटिक फूटचं ड्रेसिंग केलं असेल, डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा येणारा पेशंट बघितला असेल. हाच मुद्दा घ्या: डायबिटीस लवकर पकडणं स्वस्त, उशिरा सांभाळणं महाग. का? कारण लवकर सापडला तर गोळ्या आणि पथ्यावर भागतं, उशिरा सापडला तर किडनी, डोळे, पाय, आणि तो खर्च एकदाचा नसतो, वर्षानुवर्षं चालतो. उदाहरण काय? गावातल्या उपकेंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणारी तपासणी. मग शेवटी परत पैशावर या, म्हणजे सरकारचा तोच रुपया तिथे जास्त लोकांना पुरतो. इंग्रजीत मधलं एखादं वाक्य असं येईल: ट्रीटिंग वन पेशंट ऑन डायलिसिस फॉर अ यिअर कॉस्ट्स फार मोअर दॅन टेस्टिंग अ होल व्हिलेज फॉर डायबिटीस. बघा, यात एकही अवघड शब्द नाही. पण मुद्दा स्पष्ट आहे, तुलना आहे, आणि प्रश्नाला धरून आहे.

त्याच्या पुढच्या परिच्छेदात 'कितपत' या शब्दाचं उत्तर द्यायचं. अपघात, अडलेली बाळंतपणं, सर्पदंश, यातलं सगळं काही आधी टाळता येत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष नसेल तर तिथे जनजागृतीचा बोर्ड लावून माणूस वाचत नाही. म्हणून मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण तातडीच्या उपचारांचा पैसा कमी करून नव्हे. ही झाली भूमिका. ही भूमिका निबंधाच्या सुरुवातीच्या परिच्छेदात एका वाक्यात सांगायची, मधे तिला सोडायचं नाही, शेवटी तिच्यावरच यायचं. सुरुवातीला पूर्ण सहमत, मधे दोन्ही बाजू सारख्याच जोरात, शेवटी 'इट डिपेंड्स', असं झालं की पहिल्या खान्यातले मार्क गेले.

आणि एक, उदाहरण म्हणून 'एका अमेरिकन विद्यापीठाच्या सर्वेक्षणानुसार ७८ टक्के लोक' वगैरे मनाने ठोकून द्यायची जी पद्धत क्लासमध्ये शिकवतात ना, ती सोडून द्या. प्रश्नपत्रिकेतच लिहिलेलं असतं की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. खोटी टक्केवारी परीक्षक रोज ढीगभर वाचतो. आयसीयूत काम करणाऱ्या बाईकडे खरी उदाहरणं इतकी असतात की बाकीच्यांना हेवा वाटावा, ती वापरा की. फक्त गोष्ट सांगत बसू नका, वाक्य-दोन वाक्यांत संपवा.

प्रश्न वाचायची सवय कशी लावायची तर निबंध न लिहिता लावायची. प्रश्नांचे प्रकार मोजकेच आहेत, कितपत सहमत, दोन्ही मतं मांडून तुमचं मत द्या, कारणं आणि उपाय, फायदे-तोटे, किंवा सरळ दोन वेगळे प्रश्न. ड्युटीला जाताना रिक्षात बसून एक प्रश्न वाचा आणि मनात मराठीतच उत्तर द्या, हो मराठीतच: माझं मत काय, पहिला मुद्दा कुठला, दुसरा कुठला, उदाहरण काय. निबंध लिहायला घेतल्यावर विचार सुरू केला की वाक्यं गोल गोल फिरतात, आणि विचार मराठीत झाला म्हणून इंग्रजी बिघडत नाही. बिघडतं ते वाक्य मराठीतून शब्दाला शब्द उतरवलं की, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरा खाना, मांडणी. यात फार सांगण्यासारखं नाही. चार परिच्छेद, प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा. आणि ते मोअरओव्हर, फर्दरमोअर, इन अ‍ॅडिशन प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी लावणं बंद. जोडशब्दांचा यांत्रिक वापर ही गोष्ट बँड सहाच्या, म्हणजे सहा मार्कांच्या, अधिकृत वर्णनातच लिहिलेली आहे, म्हणजे जे करून सात मिळतील असं वाटतं तेच सहाचं लक्षण आहे. वाक्यं एकमेकांना अर्थाने जोडली गेली की धिस, सच, द सेम असे बारके शब्दच पुरतात.

तिसरा, शब्द. ती यादी बाजूला ठेवा ताई, खरंच. प्लेथोरा, मिरियड, पॅरामाउंट, डबल-एज्ड सोर्ड, इन धिस मॉडर्न इरा ऑफ ग्लोबलायझेशन. महाराष्ट्रातल्या, पंजाबातल्या, केरळातल्या हजारो वह्यांत हेच शब्द असतात. आणि पाठ केलेली वाक्यं ओळखायचं ट्रेनिंग परीक्षकांना दिलेलं असतं. शब्दांच्या खान्यात जे मोजलं जातं ते मुख्यतः नेमकेपणा, आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर बसतो याची जाण. कॉस्ट वाढते तेव्हा 'कॉस्ट्स राइज' म्हणतात, आजार पसरतो तेव्हा 'डिसीज स्प्रेड्स', बजेट कापतात तेव्हा 'कट द बजेट'. असे जोडीने येणारे शब्द वाचनातून उचला. तुमचं रीडिंग सात आहे, म्हणजे वाचताना हे तुम्हाला कळतंच, फक्त वहीत उतरवत नाही आहात. रीडिंगच्या सरावाचा उतारा सोडवून झाला की त्यातल्या पाच जोड्या उतरवून घ्या आणि त्याच आठवड्यातल्या निबंधात वापरा. नवीन यादी विकत घ्यायची गरज नाही.

आता चौथा, व्याकरण, आणि इथे परत थोडं थांबतो. सहा आणि सातमधला फरक त्या वर्णनात असा आहे की सातच्या माणसाची बिनचूक वाक्यं वारंवार दिसतात. अवघड वाक्यं किती लिहिली हे सहाचा माणूसही दाखवतो, पण त्याच्या अवघड वाक्यात चूक असतेच. तुम्हाला सातसुद्धा नको, साडेसहा हवेत. म्हणजे काही फार नाही, निबंधात साधारण पंधरा वाक्यं असतील तर त्यातली बिनचूक वाक्यं वाढवायची.

मराठी माणसाच्या चुका मला पाठ झाल्यात. सगळ्यात मोठी, जरी-तरी. आपल्याकडे जरी म्हटलं की तरी किंवा पण आल्याशिवाय वाक्य पुरं वाटत नाही, म्हणून इंग्रजीत होतं: ऑल्दो द हॉस्पिटल इज स्मॉल, बट इट हॅज गुड स्टाफ. एक तर ऑल्दो ठेवा, नाहीतर बट. दोन्ही नको. तसंच कारण-म्हणून, बिकॉज ने सुरू करून मधे सो किंवा देअरफोर. मग सिन्स: आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स, इथे हॅव बीन वर्किंग आणि फॉर हवं. मग इक्विपमेंट्स, इन्फर्मेशन्स, अ‍ॅडव्हाइसेस, या तिन्हींना एस लागत नाही, आणि हॉस्पिटलवाल्यांच्या निबंधात इक्विपमेंट्स आलं नाही असं मी क्वचितच बघितलंय, कारण वॉर्डात सगळे तसंच बोलतात. मग डिस्कस अबाउट. मग वन ऑफ द रीझन, तिथे रीझन्स.

आणि द. मराठीत हे प्रकरणच नसल्यामुळे आपण एकतर कुठेच लावत नाही किंवा सगळीकडे लावतो, द डायबिटीस, द सोसायटी, द नेचर. सगळे नियम पाठ करायला गेलात तर वर्ष जाईल. एवढंच बघा: एखादी गोष्ट सर्वसाधारण अर्थाने पहिल्यांदा येतेय आणि ती मोजता येणारी नाही किंवा अनेकवचनी आहे, तर द नको. मोजता येणारी आणि एकच असेल तर पुढे काहीतरी हवंच, अ किंवा द किंवा माय किंवा धिस, नुसतं 'पेशंट नीड्स नर्स' असं उघडं सोडायचं नाही. एवढ्यावर निम्म्या चुका जातात.

शेवटची एक, लांबच लांब वाक्यं. मराठीत आपण स्वल्पविराम टाकत टाकत कुठच्या कुठे जातो आणि कोणाला काही वाटत नाही, मी इथे हेच करतोय, हे उत्तर इंग्रजीत असतं तर व्याकरणाच्या खान्यात मलाच पाच मिळाले असते. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती चूक धरतात. पूर्णविराम द्या. लहान वाक्य लिहायला लाजू नका, दोन लहान वाक्यांनंतर एक लांब आलं तरी विविधता दिसते.

टास्क १ बद्दल थोडक्यात, कारण तो वळण लावला की लवकर सुधारतो. आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रिया, काही असो, त्यात एक ओव्हरव्ह्यू लागतोच, म्हणजे आकडे न देता दोन वाक्यांत की मोठं चित्र काय आहे, काय वाढलं, काय कमी झालं, सगळ्यात जास्त कोण. मी हा दुसऱ्याच परिच्छेदात लिहायला लावतो, शेवटी ठेवला तर घाईत राहून जातो. स्पष्ट ओव्हरव्ह्यू नसणं हे बँड पाचचं लक्षण आहे, हे लक्षात ठेवा, बाकी कितीही आकडे अचूक असोत. सगळे आकडे लिहायचे नाहीत, निवडायचे. आणि आकडा का वाढला याची कारणं स्वतःच्या मनाने द्यायची नाहीत, नर्सिंगवाल्यांना हॉस्पिटलचा आलेख आला की हा मोह फार होतो. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवू नका, ते शब्द तुमच्या मोजणीत धरत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर मी टास्क २ आधी लिहायला सांगतो, ४० मिनिटं, मग टास्क १ ला २०. काहींना उलट बरं वाटतं, त्यात चूक नाही, पण टास्क १ मध्ये तीस मिनिटं घालवून दुप्पट वजनाचा टास्क अर्धवट सोडणारे बघितलेत म्हणून सांगतो. ४० पैकी पहिली पाच-सहा मिनिटं नुसता विचार, शेवटची चार तपासायला. कॉम्प्युटरवर देत असाल तर स्क्रीनवर शब्द मोजून दिसतात, परिच्छेद हलवता येतात, पण स्पेलिंग कोणी सुधारून देत नाही, त्यामुळे घरी सराव करताना ऑटोकरेक्ट बंद करूनच टाईप करा. मोबाईलवर सराव तर अजिबात नको.

आता सराव कसा करायचा. रोज एक निबंध बंद. आठवड्याला एकच प्रश्न घ्या. पहिल्या दिवशी घड्याळ लावून ४० मिनिटांत लिहा, जसा होईल तसा. दुसऱ्या दिवशी काही लिहायचं नाही, पेन घेऊन प्रत्येक वाक्यापुढे लिहायचं की हे वाक्य प्रश्नाच्या कुठल्या भागाचं उत्तर देतंय. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही ते वाक्य खोडायचं. हे करताना जिवावर येतं, सांगून ठेवतो, पहिल्या निबंधात निम्मी वाक्यं जातात. तिसऱ्या वेळी फक्त मधले दोन परिच्छेद नव्याने लिहा, एकेका मुद्द्यावर, वर डायलिसिसचं दाखवलं तसे. मग दोन-तीन दिवस जाऊ द्या, नाइट असेल तर तेवढा आराम, आणि आठवड्याच्या शेवटी तोच प्रश्न आधीचं न बघता परत घड्याळ लावून लिहा. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा. सुधारणा कुठे झाली ते तिथे डोळ्याला दिसतं, रोज नव्या विषयावर लिहिणाऱ्याला ते कधीच दिसत नाही कारण तुलना करायला काही नसतंच.

सोबत एक चुकांची वही. त्यात इंटरनेटवरच्या नव्हे, फक्त स्वतःच्या चुका. दोन-तीन आठवड्यांत कळतं की प्रकार फार तर चार-पाच आहेत. मग परीक्षेत शेवटच्या चार मिनिटांत 'निबंध तपासायचा' नसतो, फक्त ते प्रकार शोधायचे असतात, एकदा द साठी नजर फिरवायची, एकदा एस साठी, एकदा ऑल्दो-बट साठी.

तपासणार कोण, हा खरा प्रश्न आहे. वाचून नुसतं 'छान आहे, ६.५ येतील' म्हणणारा उपयोगाचा नाही, चार खान्यांत वेगवेगळं सांगणारा हवा. बँडचं अधिकृत वर्णन आयईएलटीएसच्या वेबसाइटवर फुकट आहे, ते छापून भिंतीला लावा, सहा आणि सात या दोनच ओळी. केंब्रिजची जुन्या पेपरांची पुस्तकं येतात त्यात शेवटी उमेदवारांची उत्तरं आणि त्यावर परीक्षकाचा शेरा असतो. सगळे लोक त्यातली आदर्श उत्तरं वाचतात, तुम्ही सहा मिळालेली उत्तरं शोधून वाचा आणि शेऱ्यात काय लिहिलंय ते बघा. स्वतःचा निबंध ओळखीचा वाटायला लागेल. एआय चॅटबॉट वापरत असाल तर त्याने दिलेल्या बँडवर विश्वास ठेवू नका आणि निबंध सुधारून मागू नका, तो सुंदर करून देतो आणि तुम्ही होतात तिथेच राहता. त्याला एवढंच विचारा की कुठल्या वाक्यांत चूक आहे, काय चूक आहे ते सांगू नकोस. ती तुम्ही शोधा.

किती दिवस लागतील? हे तुमची अडचण कुठल्या खान्यात आहे त्यावर आहे. प्रश्नाला धरून लिहिण्याचीच अडचण असेल तर नीट लक्ष दिल्यास दीड-दोन महिन्यांत फरक पडतो, कारण ती सवय आहे. व्याकरण मुळातूनच गडबड असेल तर जास्त, आणि ड्युटी बारा तासांची असेल तर त्याहून जास्त, त्यात लाज नाही. आधी तारीख बुक करून मग तयारी करू नका, आठवड्याच्या शेवटचा निबंध ओळीने तीन आठवडे वेळेत आणि प्रश्नाला धरून झाला की मग करा.

ओईटीबद्दल. वाईट पर्याय नाही, काहींना तोच बरा. त्यात निबंध नसतो, पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून पत्र लिहायचं, रेफरल, डिस्चार्ज किंवा ट्रान्सफरचं, साधारण १८० ते २०० शब्द, पाच मिनिटं वाचायला आणि चाळीस लिहायला. एनएमसीला रायटिंगमध्ये सी प्लस चालतो, बाकी तिन्हीत बी. आयसीयूतल्या नर्सला नोट्समधून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळतं, सरकार-समाज-पर्यावरण असल्या विषयांवर मत सुचत नाही म्हणून अडकला असाल तर ओईटीचा विचार नक्की करा. पण फी बरीच जास्त आहे, आणि लिसनिंग, रीडिंगची पद्धत वेगळी असल्याने तिथे नव्याने तयारी लागेल, जी आयईएलटीएसमध्ये तुमची झालेली आहे. आणि तुमची अडचण जर द आणि ऑल्दो-बटची असेल तर ती ओईटीच्या पत्रातही तुमच्या मागोमाग येईल. म्हणून आधी एक महिना वरचा सराव करा आणि चुकांच्या वहीकडे बघून ठरवा.

पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या. एक, एनएमसी दोन वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परीक्षांचे मार्क एकत्र धरते, त्याला मुदत आणि किमान मार्कांच्या अटी आहेत, त्या त्यांच्या वेबसाइटवर आजच्या तारखेला वाचा. म्हणजे पुढच्या वेळी रायटिंगला साडेसहा आले आणि रीडिंग थोडं घसरलं तर लगेच डोक्याला हात लावून बसू नका. दोन, कॉम्प्युटरवर दिलेली असेल तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत फक्त एकच भाग परत देता येतो, वन स्किल रीटेक म्हणतात. तुम्ही जिथे अर्ज करणार तिथे तो चालतो का हे आधी लेखी विचारून घ्या. आणि साठ दिवसांत नुसतं परत बसायचं म्हणून बसू नका, तयारी तीच असेल तर आकडाही तोच येईल.

रीचेकिंग करू का असंही विचारलंय. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत करता येतं, मार्क वाढले तर फी परत मिळते. एकदाच सहा आले असते तर मी करा म्हटलं असतं. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या विषयांवर सहाच आलेत, तेव्हा मी तरी ते पैसे तिथे घालणार नाही.

तुमचा एखादा निबंध प्रश्नासकट इथे टाईप करून टाका, अजिबात न सुधारता, आणि किती मिनिटांत लिहिला तेही लिहा. चार खान्यांत कुठे काय अडतंय ते वाचून सांगतो, म्हणजे ओईटी की हीच, हेही त्यावरून ठरवता येईल.